पंचवीस हजारांची सूट आणि बाकीचं कोटेशन

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका कागदाचा फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, "मामा, पंचवीस हजार सोडतायत. टोकन देऊन टाकू का?"

कागद शोरूमच्या कोटेशनचा होता. छापील फॉर्म, आकडे पेनाने भरलेले, आणि तळाशी "२५,०००" भोवती लाल गोल. सेल्समनने गोल बरोबर जागी काढला होता, कारण भाचा बाकी काही वाचतच नव्हता. मी त्याला म्हटलं, गोल सोड, वरच्या ओळी मोठ्याने वाच.

त्याने वाचल्या त्या अशा:

एक्स-शोरूम ९,००,०००
आरटीओ १,०९,५००
विमा ४८,६५०
अ‍ॅक्सेसरीज किट १८,९००
वाढीव वॉरंटी १४,५००
हँडलिंग आणि लॉजिस्टिक्स ७,५००
फास्टॅग ६००
इतर १,२००
एकूण ११,००,८५०
सूट वजा जाता १०,७५,८५०

गाडी घेताना घासाघीस करायची म्हणजे सूट वाढवून मागायची, असं आपण धरून चालतो. भाजीवाल्याकडे ते ठीक आहे, तिथे आकडा एकच असतो. इथे आठ आहेत. सेल्समन एका ओळीत पाच हजार सोडतो आणि दुसरीत आठ हजार आधीच लावून ठेवलेले असतात. त्यामुळे "डिस्काउंट किती देता?" हा प्रश्नच त्याच्या सोयीचा. आपल्या सोयीचा प्रश्न वेगळा: माझ्या खिशातून एकूण किती जाणार, आणि त्यातली प्रत्येक ओळ कोणाला जाणार? सरकारला, विमा कंपनीला, गाडीच्या कंपनीला की या शोरूमला?

पहिली ओळ एक्स-शोरूमची. ही किंमत कंपनी ठरवते, तिच्यात जीएसटी धरलेला असतो, आणि एका शहरातल्या सगळ्या शोरूममध्ये ती सारखीच असते. २२ सप्टेंबर २०२५ला, म्हणजे ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर आले. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकर होता, तो सरसकट १८ टक्के झाला. मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, उपकर नाही. इलेक्ट्रिक गाड्या ५ टक्क्यांवरच राहिल्या. ही कपात म्हणजे शोरूमने दिलेली सूट नव्हे. भाच्याच्या सेल्समनने बोलता बोलता तीही स्वतःच्या खात्यात जमा करून घेतली होती: "सर, जीएसटीचे धरले तर आपण केवढं कमी केलंय बघा!"

सूट म्हणून जे मिळतं ते दोन खिशांतून येतं. एक कंपनीचा खिसा. दर महिन्याला कंपनी स्कीम काढते: रोख सूट, जुनी गाडी दिली तर एक्सचेंज बोनस, भंगारात काढली तर वेगळी रक्कम, ठरावीक कंपन्यांच्या किंवा सरकारी नोकरांसाठी कॉर्पोरेट सूट. हे पैसे शोरूमचे नसतातच. तुम्ही पात्र असाल तर ते तुमचे, पण विचारल्याशिवाय सगळे बाहेर येतीलच असं नाही. भाचा एका मोठ्या कारखान्यात नोकरीला आहे. कॉर्पोरेट सूट लागते का हे त्याने विचारलं नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नव्हतं. ओळखपत्राची झेरॉक्स दिल्यावर ७,००० कमी झाले.

दुसरा खिसा शोरूमचा स्वतःचा, आणि तो वाटतो तेवढा खोल नाही. नव्या गाडीवर डीलरला सुटणारं मार्जिन फार थोडं असतं. त्यातून काचेची मोठी इमारत, पगार, आणि यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीमागे बँकेचं व्याज निघायचं असतं. म्हणून त्याची खरी कमाई विमा, अ‍ॅक्सेसरीज, कर्ज आणि पुढचं सर्व्हिसिंग यांतून होते. हे कळलं की कोटेशनचा आकार कळतो. समोरच्या पोरालाही विमा आणि अ‍ॅक्सेसरीजचं टार्गेट असतं. बिचाऱ्याचा पगार त्यावर हलतो, त्याच्यावर आवाज चढवून काही मिळत नाही.

सूट देण्याचं स्वातंत्र्य तरी डीलरकडे पूर्ण असतं का, हाही एक रंजक भाग आहे. ऑगस्ट २०२१मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचं म्हणणं असं की कंपनीने डीलरांवर ठरल्यापेक्षा जास्त सूट न देण्याचं बंधन घातलं होतं. ते पाळलं जातंय का हे बघायला खोटी गिऱ्हाइकं पाठवली जायची, आणि सापडलेल्या डीलरला दंड व्हायचा. प्रकरणाची सुरुवात झाली एका निनावी ईमेलने, आणि तक्रार होती मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा या पट्ट्यातली. कंपनी अपिलात गेली आणि अपिलीय न्यायाधिकरणाने दंडाला स्थगिती दिली. न्यायनिवाडा बाजूला ठेवू. आपल्यापुरतं एवढंच घ्यायचं की सेल्समन जेव्हा "सर, याच्या वर माझ्या हातात नाही" म्हणतो, तेव्हा कधी कधी ते खरंही असतं. अशा वेळी डिस्काउंटच्या ओळीशी कुस्ती खेळण्यापेक्षा खालच्या ओळी बघाव्यात.

आरटीओची ओळ सरकारी दिसते म्हणून तिला कोणी हात लावत नाही. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. म्हणजे भाच्याच्या ९ लाखांच्या पेट्रोल गाडीला कर ९९,०००. नोंदणी शुल्क ६००. कर्ज असेल तर बँकेचा बोजा आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, चढवायचे १,५००. स्मार्ट कार्डाचे २०० आणि करावरचा थोडा उपकर. सगळं ओढूनताणून १,०३,००० च्या आसपास जातं. मग कोटेशनमध्ये १,०९,५०० कुठून आले? विचारल्यावर उत्तर आलं, "पासिंगचा खर्च, सर." मी म्हटलं, ठीक आहे, आरटीओची पावती जेवढ्याची येईल तेवढे देतो. दोन मिनिटं आत जाऊन आला आणि १,०३,३०० लिहिले. एक शब्द जास्त बोलावा लागला नाही.

गाडी १० लाखांच्या वरची असेल तर एक टक्का टीसीएस नावाची आणखी एक ओळ दिसेल. ती खोटी नाही आणि खर्चही नाही. तुमच्या पॅनवर जमा होणारा तो आगाऊ प्राप्तिकर आहे, विवरणपत्र भरताना वळता होतो. फक्त पॅन नंबर बरोबर दिलाय ना ते बघा.

हँडलिंग, लॉजिस्टिक्स, डेपो, फॅसिलिटेशन... नावं दर दोन वर्षांनी बदलतात. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. हे पैसे कोणत्या सरकारी नियमाखाली घेता, आणि त्याची वेगळी पावती देणार का, एवढंच शांतपणे विचारायचं. "इतर १,२००" या ओळीलाही तेच. दोन्ही गेल्या.

आता विमा. इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच मुरतात.

नव्या गाडीच्या विम्यात दोन भाग असतात. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा थर्ड पार्टी, आणि तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी ओन डॅमेज. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवतं, सगळ्या विमा कंपन्यांना तो एकच. २०२२च्या अधिसूचनेप्रमाणे १००० सीसीपर्यंत तीन वर्षांचे ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४०, त्यावर २४,५९६, आणि वर जीएसटी. इथे घासाघीस नाही.

ओन डॅमेज मात्र मोकळा बाजार आहे. तो एकाच वर्षाचा घेतला तरी चालतो, तीन वर्षांचा घ्यायची सक्ती नाही. आणि तो शोरूममधूनच घ्यायचा असंही बंधन नाही. घरी बसून कुठल्याही विमा कंपनीच्या साइटवर नव्या गाडीचं कोटेशन निघतं. फक्त तुलना करताना दोन गोष्टी सारख्या ठेवायच्या. एक, आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम. कोऱ्या गाडीला ती एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, ९ लाखांच्या गाडीला ८,५५,०००. ती गुपचूप कमी केली की हप्ता स्वस्त दिसतो. दोन, वरची जोडकव्हरं: झिरो डेप (दाव्यात सुट्या भागांचा घसारा कापत नाहीत), इंजिन प्रोटेक्ट (पाणी वगैरे शिरून इंजिन बिघडलं तर), रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत), किल्ली हरवल्याचं, टायरचं. पहिली दोन-तीन नव्या गाडीला घ्यावीत असं माझं मत. किल्ली आणि टायर हे सेल्समनच्या टार्गेटसाठी असतं.

भाच्याने रात्री बसून तेच कव्हर, तीच आयडीव्ही टाकून तीन कोटेशनं काढली. सगळ्यात कमी ३४,२०० चं होतं. शोरूमचं ४८,६५० चं. दुसऱ्या दिवशी फोनवरचा स्क्रीनशॉट दाखवल्यावर नेहमीचं वाक्य आलं: "बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही, सर." कॅशलेस मिळणं हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर असतं, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. त्या विमा कंपनीचं नाव त्यांच्याच सर्व्हिस काउंटरमागच्या भिंतीवर लावलेलं होतं. भाच्याने नुसतं बोट दाखवलं. शेवटी शोरूमनेच ३५,५०० ला पॉलिसी दिली, आणि तेराशे रुपयांसाठी दोन ठिकाणी धावण्यापेक्षा आम्ही तिथेच घेतली. एका रात्रीत १३,१५० रुपये उतरले.

जुनी गाडी तुमच्या नावावर असेल आणि विम्याचा दावा केला नसेल, तर नो क्लेम बोनस विसरू नका. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. भाच्याच्या घरची गाडी भावोजींच्या नावावर, नवी याच्या नावावर, त्यामुळे इथे तो उपयोगी पडला नाही. नवी भावोजींच्या नावावर घेतली असती तर पडला असता. हे मला बुकिंगनंतर सुचलं, तेव्हा मामाच्या हुशारीलाही मर्यादा आहेत.

तीच जुनी गाडी एक्सचेंजमध्ये द्यायची का? शोरूमचा माणूस आला, बॉनेट उघडून हुं हुं केलं, १,६०,००० म्हणाला, आणि कंपनीचा बोनस २०,००० वर. एकूण १,८०,०००. बाहेर दोन ठिकाणी दाखवल्यावर १,९५,००० मिळाले. म्हणून बाहेर दिली. कधी उलटंही होतं. मात्र नव्या गाडीचा भाव लेखी ठरेपर्यंत जुन्या गाडीचा विषयच काढू नये. दोन्ही एकत्र आले की एकीकडची सूट दुसरीकडच्या किमतीतून कापली जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. बाहेर विकलीत तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरसी पुढच्याच्या नावावर झाल्याची खात्री करा, नाहीतर त्याची चलनं तुमच्या मोबाइलवर.

अ‍ॅक्सेसरीज किटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, एक परफ्यूमची बाटली. नको म्हटलं की निघतं. "वॉरंटी जाईल" ही भीती वायरिंग कापून बसवायच्या वस्तूंपुरती खरी आहे, पायाखालच्या मॅटला लागू नाही. वाढीव वॉरंटी मात्र कंपनीची स्वतःची असेल तर मी ठेवायला सांगतो. हल्लीच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स इतकं आहे की एक स्क्रीन गेली तरी तेवढे पैसे वसूल होतात.

कर्जाची गंमत वेगळीच. शोरूममधल्या टेबलावर बसलेला बँकेचा माणूस "फक्त पाच टक्के" म्हणतो. विचारा, फ्लॅट की रिड्यूसिंग? ८ लाख, पाच वर्षं, ५ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २ लाख आणि हप्ता १६,६६७. तेच ८ लाख बँकेच्या नेहमीच्या पद्धतीने, घटत्या शिलकीवर ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता १६,६०७. म्हणजे "पाच टक्के" हे नऊपेक्षाही महाग निघालं! फ्लॅटमध्ये तुम्ही फेडून टाकलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज भरत असता. कर्ज मिळवून दिलं की शोरूमला बँकेकडून पैसे मिळतात, त्यांच्या भाषेत पेआउट. त्यामुळे आपल्या बँकेतून आधीच मंजुरीपत्र घेऊन जावं. मग कर्ज त्यांच्याकडून घेणं हीही तुमच्या हातातली एक सोंगटी होते: "एवढाच दर द्या, शिवाय विम्यात खाली या, तर तुमच्याकडून घेतो."

कधी जावं, हे साडेतीन मुहूर्तांच्या देशात नाजूक आहे. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात "दसऱ्याला दारात गाडी पाहिजेच" म्हणत गेलात तर तुमची गरज कपाळावर लिहिलेली असते. पितृपंधरवड्यात तेच शोरूम ओस पडतं, सेल्समन स्वतः चहा घेऊन येतो. बोलणी त्या पंधरा दिवसांत करा, सगळं लिहून घ्या, आणि डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. पितरांची हरकत असू नये. फक्त बुकिंग फॉर्मवर "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" हे कलम छापलेलं असतं. ठरलेली सूट त्याच फॉर्मवर शिक्क्यासह लिहून घेतली नाही, तर नव्या महिन्याची नवी स्कीम दाखवतात.

महिनाअखेर शोरूमला कंपनीचा आकडा गाठायचा असतो, मार्चअखेर वर्षाचा. डिसेंबरात आणखी एक कारण येतं: ३१ तारखेनंतर यार्डातली प्रत्येक गाडी "गेल्या वर्षीची" होते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक आधी तेच बघतं. त्यामुळे डिसेंबरात मिळणारी मोठी सूट ही अर्धी सूट आणि अर्धा तुमच्याच भविष्यातल्या तोट्याचा आगाऊ हप्ता. आठ-दहा वर्षं गाडी वापरणाऱ्याने ती बिनधास्त घ्यावी. तीन वर्षांत बदलणाऱ्याने नको. आणि ज्या गाडीला सहा महिन्यांचं वेटिंग आहे तिला सूट मागत बसू नका. तिथे जबरदस्तीचं किट आणि हँडलिंग टाळलंत तरी जिंकलात.

दुसऱ्या शोरूमचं कोटेशन हे सगळ्यात धारदार हत्यार, पण ते लेखी हवं. "अमका तर एवढे सोडतोय" याला तिथे कोणी भीक घालत नाही. राज्यातल्या राज्यात शेजारच्या जिल्ह्यातूनही गाडी घेता येते. रस्ता कर तोच, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओत नोंदणी करता येते. भाच्याने दोन फोन केले आणि एक ईमेल मागवला. तेवढं पुरलं.

शेवटचा पैसा भरण्याआधी आणि पासिंगच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघा. एकदा तुमच्या नावावर नोंदली की "ही नको, दुसरी द्या" म्हणता येत नाही. आम्ही गेलो तेव्हा रांगेत सात-आठ गाड्या धुळीत उभ्या होत्या. भाच्याने चासी नंबर कागदाशी ताडला, मी टायरजवळ उकिडवा बसलो. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार टायर एका वयाचे होते. डिकीतला पाचवाही. उजव्या दाराखाली नखाएवढा रंग उडालेला होता. पोराने लगेच "पॉलिश करून देतो" म्हटलं. आम्ही शेजारची गाडी मागितली, आणि मिळाली.

शेवटचा हिशेब असा झाला: ९,००,०००, आरटीओ १,०३,३००, विमा ३५,५००, वॉरंटी १४,५००, फास्टॅग ६००, त्यातून सूट ३२,००० वजा. एकूण १०,२१,९००. पहिल्या कागदापेक्षा ५३,९५० कमी, आणि त्यातले सूट वाढवून मिळालेले फक्त ७,०००.

डिलिव्हरीच्या दिवशी हार, नारळ, पेढे, फोटो सगळं साग्रसंगीत झालं. किल्ली देताना सेल्समन भाच्याला हळूच बाजूला घेऊन म्हणाला, "सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्याल ना? नऊ दिले तरी आमचं कापतात." भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दे की. मग त्याच पोराने बाहेर येऊन त्याला सांगितलं की मॅट कोपऱ्यावरच्या दुकानात चांगले मिळतात, आमच्याकडचे घेऊ नका.